मॅजिक कोट्स आणि 'नामा म्हणे'

परवा एका जुन्या डेटाबेसमध्ये डि'सूझा आडनावात चक्क तीन बॅकस्लॅश सापडले! पीएचपीतलं 'मॅजिक कोट्स' फॉर्ममधल्या अवतरणचिन्हाआधी आपोआप बॅकस्लॅश लावायचं, म्हणजे डेटाबेसनं तिथेच मजकूर संपला असं समजू नये. प्रोग्रामरनंही वर पुन्हा लावला, की झाला घोळ. २०१२ साली ५.४ आवृत्तीतून ही सोय काढली. साठलेले बॅकस्लॅश मात्र तसेच.

खूण आणि मजकूर मिसळण्याचा घोळ आपल्याकडे जुनाच. हिंगोली जिल्ह्यातलं नर्सी हे परंपरेनं संत नामदेवांचं जन्मगाव. पोथ्यांत अवतरणचिन्हं नव्हती. 'नामा म्हणे' आलं की कवी कळायचा. पुढे सोळाव्या शतकात विष्णुदास नामानंही 'नामा' हीच मुद्रा वापरली, आणि त्याच्या रचना नामदेवांच्या गाथेत शिरल्या. हल्ला वगैरे नाही हो, नुसतं नावसाधर्म्य! त्यांना वेगळं करणारं स्ट्रिपस्लॅशेस मात्र कुणाकडेच नाही.