कोरियातील भारतीय अभिरक्षक दल

कोरियन युद्धाच्या शस्त्रसंधीनंतर (२७ जुलै १९५३) मायदेशी परतण्यास नकार देणाऱ्या युद्धकैद्यांचा ताबा घेण्यासाठी भारताने पाठविलेले लष्करी दल. सुमारे सहा हजार सैनिकांच्या या दलाचे नेतृत्व मेजर जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात (१९०६–९२) या कोल्हापूर संस्थानातील वडगावच्या मराठी सेनाधिकाऱ्याकडे होते. बड्या सत्तांच्या झगड्यात एखाद्या नवस्वतंत्र आशियाई राष्ट्राने उभय पक्षांना चालेल असा तिऱ्हाईत म्हणून काम करण्याचा हा आरंभीचा, आणि बहुधा सर्वांत अवघड, प्रसंग होय.

शस्त्रसंधीच्या वाटाघाटी जुलै १९५१ मध्ये सुरू झाल्या; परंतु त्या रखडल्या त्या मुख्यतः युद्धकैद्यांच्या प्रश्नावर. युद्ध संपताच कैद्यांना विनाविलंब मुक्त करून मायदेशी पाठवावे, असे १९४९ चा जिनीव्हा करार सांगतो. उत्तर कोरिया व चीन यांनी याच कलमावर बोट ठेवले. उलट, परत जाण्यास तयार नसलेल्या कैद्याला बळाने धाडू नये, अशी अमेरिकेची भूमिका होती. या पेचातून वाट काढणारा ठराव भारताने संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत मांडला; त्याचे शिल्पकार व्ही. के. कृष्ण मेनन होत. ३ डिसेंबर १९५२ रोजी तो ५४ विरुद्ध ५ मतांनी संमत झाला. सोव्हिएट गटाने विरोध केला आणि चीननेही तो धुडकावला. स्टालिनच्या मृत्यूनंतर (५ मार्च १९५३) मात्र वारे फिरले व जूनमध्ये झालेला करार बव्हंशी त्याच धर्तीवर होता. त्यानुसार भारत, स्वीडन, स्वित्झर्लंड, पोलंड व चेकोस्लोव्हाकिया यांचा तटस्थ राष्ट्र प्रत्यावर्तन आयोग नेमण्यात आला. त्याचे अध्यक्षपद भारताच्या लेफ्टनंट जनरल के. एस. थिमय्या यांच्याकडे आले. कैद्यांच्या पहाऱ्याचे काम एकट्या भारतीय सैन्याचे होते. थिमय्या व थोरात हे जुने सहकारी. आराकानमधील कांगॉच्या लढाईत (१९४५) दोघे एकाच ब्रिगेडमधील दोन पलटणींचे प्रमुख होते.

दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री यांनी भारतीय सैनिकांना आपल्या भूमीवर पाऊल ठेवू देण्यास साफ नकार दिला. त्यामुळे इंचॉन बंदरातील जहाजांवरून त्यांना अमेरिकी हेलिकॉप्टरांनी थेट निर्लष्करी पट्ट्यात उतरविण्यात आले. तेथील तळाला ‘हिंदनगर’ असे नाव पडले.

सप्टेंबर १९५३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सेनापत्याकडून २२,६०४ कैदी ताब्यात आले. त्यांपैकी १४,७०४ चिनी व उरलेले कोरियन होते. दुसऱ्या बाजूने आलेल्या ३५९ जणांत २३ अमेरिकन व एक ब्रिटिश होता. दक्षिणेकडील छावणीत कैद्यांच्या कडव्या साम्यवादविरोधी संघटनांचा अंमल चाले. परत जाऊ इच्छिणाऱ्याला सोबत्यांचीच दहशत असे, आणि रात्रीच्या वेळी कुंपण ओलांडून पहारेकऱ्याकडे धाव घेणे हाच त्याचा मार्ग उरे. याच महिन्यात एका भारतीय मेजरला चिनी कैद्यांनी आवारात कोंडले. थोरात मोजक्या सहकाऱ्यांसह स्वतः आत गेले आणि गोळी न झाडता केवळ बोलण्याने त्यांनी त्याची सुटका करविली. ऑक्टोबरच्या आरंभी मात्र गोळीबार करावा लागला व त्यात काही कैदी मृत्यू पावले. शस्त्रसज्ज सेनेने शस्त्र कमीत कमी वापरावे, ही शिस्त सैनिकाला सवयीची नसते. पुढील शांतिसेनांच्या कार्याची ती जणू उमेदवारी ठरली.

कैद्यांना मायदेशाच्या प्रतिनिधींनी समजावून सांगावे, यासाठी नव्वद दिवसांची मुदत होती. प्रत्यक्षात हे काम जेमतेम दहा दिवस चालले. कैदी तंबूबाहेर येण्यास नकार देत; त्यांना ओढून आणावे, असे पोलंड व चेकोस्लोव्हाकियाचे म्हणणे, तर स्वीडन व स्वित्झर्लंडचा बळाच्या वापरास विरोध. निर्णायक मत भारताचे होते आणि भारताने बळ वापरले नाही. तथापि कैद्यांची इच्छा मुक्त नव्हती, असा स्पष्ट अभिप्राय देणाऱ्या बहुमताच्या अहवालावर भारताचीही सही होती. २३ डिसेंबरला मुदत संपली. कैद्यांच्या भवितव्याचा विचार ज्या राजकीय परिषदेने करावयाचा, ती भरलीच नाही. तेव्हा थिमय्या यांनी २० जानेवारी १९५४ पासून कैदी ज्यांच्याकडून आले होते त्यांच्याच स्वाधीन केले. चिन्यांपैकी बहुतेक तैवानला गेले. या निर्णयावर दोन्ही बाजूंनी टीका झाली. ती सर्वस्वी अनाठायी म्हणता येत नाही, कारण प्रत्येक कैद्याला विचारण्याचे मूळ काम अपुरेच राहिले. परंतु हा दोष मुख्यतः कराराचा होता. अंमलबजावणी भारताकडे सोपविताना निर्णयाची किल्ली बड्या सत्तांनी आपल्याच हाती ठेवली होती.

हे विषम नाते पुढेही टिकून राहिले. थिमय्या १९६४ मध्ये सायप्रसमधील शांतिसेनेचे प्रमुख झाले व डिसेंबर १९६५ मध्ये तेथेच निधन पावले. मराठा लाइट इन्फंट्रीतून पुढे आलेले लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार यांनी १९९२ मध्ये युगोस्लाव्हियातील शांतिसेनेचे नेतृत्व केले. भारताने आजवर अडीच लाखांहून अधिक सैनिक अशा कार्यांसाठी धाडले. सुरक्षा परिषदेत मात्र तो आठ वेळा तात्पुरता सदस्य (शेवटचा काल २०२१-२२) होऊनही कायम जागेपासून दूरच आहे.

कोणत्याही पक्षाकडे जाण्यास राजी नसलेले ८८ कैदी अभिरक्षक दलाबरोबर भारतात आले. त्यांत ७४ उत्तर कोरियन, १२ चिनी व २ दक्षिण कोरियन होते. त्यांपैकी बरेचजण काही वर्षांनी ब्राझील व अर्जेंटिनात स्थायिक झाले. थोडे भारतातच राहिले.