सर्पगंधा आणि मेंदूतील दोन द्रव्ये



मी आयुष्यभर मराठीचा अध्यापक; तरीही आज द्रव्यांचा इतिहास सांगावयास उभा आहे. शब्दांप्रमाणे द्रव्यांनाही पूर्ववृत्त असते; ते ठाऊक नसले की अर्थ निसटतो.

सर्पगंधा आपल्या वैद्यकात पूर्वापार आहे. १९३१ साली गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद आणि रक्तदाब या दोहोंवर तिचा उपयोग नोंदविला. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ५० रुग्णांवरील अनुभव ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध केला आणि जगाचे लक्ष तिकडे वळले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील सीबा कंपनीच्या संशोधकांनी तिच्यातून रेसरपीन वेगळे काढले. पुढे हे औषध घेणारे काही रुग्ण विषण्ण झाल्याच्या नोंदी आल्या. मग प्रश्न उभा राहिला : हे मेंदूत करते तरी काय?

ते नॉरअ‍ॅड्रिनलिन व डोपामीन यांचे साठे रिते करते. १९५७ मध्ये स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी रेसरपीनने निश्चेष्ट झालेल्या सशांना डोपामीनचे पूर्वद्रव्य दिले. ससे पुन्हा हालू लागले. तोवर डोपामीन ही नॉरअ‍ॅड्रिनलिनकडे जाणारी केवळ एक पायरी मानली जाई. आता तिला स्वतंत्र प्रतिष्ठा लाभली. या कार्याबद्दल कार्लसन २००० सालच्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी ठरले.

१९६४ मध्ये डालस्ट्रोम व फुक्से यांनी उंदराच्या मेंदूतील या पेशींची ठाणी नोंदविली. दोन द्रव्ये, दोन निराळी खाती, असे चित्र उभे राहिले. परंतु १९९० पासूनच्या प्रयोगांत दिसले, की उंदराच्या मेंदूच्या अग्रभागात डोपामीनचे स्वतःचे वाहक विरळ. ते उचलून नेण्याचे काम बरेचसे नॉरअ‍ॅड्रिनलिनचे वाहकच करतात. साहजिकच हे वाहक अडविले, की दोन्ही द्रव्ये वाढतात. अवधान सुधारणारे अ‍ॅटोमॉक्सेटीन हे औषध याच तत्त्वावर चालते.

पांढुर्णा-सौसरच्या श्रोत्यांस याचे नवल वाटू नये. १९५६ पर्यंत आपली राजधानी नागपूर होती, नंतर भोपाळ झाली. २०२३ मध्ये या दोन तहसिलींचा स्वतंत्र जिल्हा झाला. रेषा बदलल्या, तरी घरची मराठी व कचेरीतली हिंदी एकमेकींचे शब्द उचलीतच राहिल्या.

‘डोपामीन म्हणजे आनंद’ असे सुटसुटीत समीकरण कानी पडेल, तेव्हा हा इतिहास आठवावा. एका द्रव्याला एकच काम नेमून दिले, की रुग्णाचे दुःखही आपण चुकीच्या खात्यात मांडतो. आपल्यापैकी कोणा विद्यार्थ्याने हे सारे मराठीत सविस्तर लिहावे, एवढी विनंती करून थांबतो.