रुमालाखालचा पहिला आकडा

पौष पौर्णिमेला मुरबाड तालुक्यातल्या म्हशाला खांबलिंगेश्वराची यात्रा भरते. घोंगड्यांची दुकानं, तमाशा हे सगळं होतंच. पण शहापूर-मुरबाडच्या भातशेतकऱ्याला खरी ओढ बैलबाजाराची. धो धो पावसात, चिखलात टिकणारा डांगी बैल हवा असायचा.

बैलांचे सौदे तोंडी होत नसत. दलाल रुमालाखाली हात धरायचा. धरलेली बोटं म्हणजे आकडा. शेकड्यात की हजारात, हे आधीच ठाऊक. भोवती एवढी गर्दी, पण भाव कळायचा हात धरणाऱ्यांनाच.

या लपवाछपवीत शेतकरी नाडला जाई, हे खरंच. म्हणून तर १९६३च्या बाजार समिती कायद्यानंतर शेतमालासाठी उघड लिलावाचा आग्रह धरला गेला. तरी रुमालाची एक बाजू मला उशिरा उमगली.

१९७४ साली ट्वर्स्की आणि काहनेमन या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांसमोर आकड्यांचं चक्र फिरवलं. ते मुद्दाम १० किंवा ६५ वरच थांबे. मग विचारलं, संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकी देश किती टक्के? दहा पाहिलेल्यांचा अंदाज मधोमध २५ निघाला, पासष्ट पाहिलेल्यांचा ४५. चक्राचा प्रश्नाशी काडीचा संबंध नव्हता, तरी पहिला आकडा डोक्यात रुतून बसला.

म्हशाच्या बाजारात शेजारचा भाव कानावर पडत नसे. त्यामुळे पुढचं गिऱ्हाईक बैलाचं तोंड उघडून बघे: आदत, दुसा, चौसा की जुळलेला? खूर बघे, चार पावलं चालवून घेई. किंमत बैलावरून ठरे. रुमालाच्या आत मात्र ही सोय नव्हती. दलालाने पहिल्यांदा दाबलेली चढी बोटं पुढची सारी घासाघीस आपल्याकडे ओढत. म्हणून माझे वडील आपला आकडा मनाशी पक्का करायचे आणि मगच हात पुढे करायचे.

आता नांगराला ट्रॅक्टर आला. समृद्धी महामार्ग शहापुरातून गेला, दलाल गुंठ्याचा भाव सांगू लागले. १९८७ साली अमेरिकेत नॉर्थक्राफ्ट आणि नील यांनी दाखवून दिलं, की मांडलेल्या किमतीने घरांचे मुरलेले दलालही भुलतात. तेव्हा जमीन घ्या की विका, आधी सातबारा बघा, रस्ता-पाणी बघा, आपला आकडा कागदावर लिहा. दलालाला भाव विचारायचा तो त्यानंतर.