मंडईतल्या खडी गंमतीचा व्हिडिओ शेअर करताय? मग शाहिराचं नाव कापू नका

दिवाळी झाली की भंडारा जिल्ह्यातल्या फोनमध्ये एकाच प्रकारचे व्हिडिओ फिरायला लागतात. गोल करून बसलेली माणसं, मधे ढोलकी, डफ घेतलेला शाहीर आणि लुगडं नेसलेला नाच्या. तीस सेकंदांचा तुकडा, हसण्याचे दोन-चार इमोजी आणि ‘आपली झाडीपट्टी’ एवढीच ओळ. शाहीर कोण, मंडळ कुठल्या गावचं, कार्यक्रम ठरवायचा तर फोन कुणाला करायचा, यातलं काहीच नसतं.

असा व्हिडिओ कितीही लोकांनी पाहिला तरी मंडळाच्या हाती काही लागत नाही. म्हणूनच या मोसमात प्रत्यक्ष कार्यक्रम कुठे बघायला मिळतात, नवे कलाकार कसे शोधायचे आणि त्यांचे व्हिडिओ त्यांच्या उपयोगी पडतील असे कसे शेअर करायचे, हे समजून घेऊया.

मंडई कधी भरते?

करडी हे मोहाडी तालुक्यातलं, वैनगंगेच्या पट्ट्यातलं धानाचं गाव. पूर्व विदर्भातल्या भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांच्या भागाला झाडीपट्टी म्हणतात. धान निघायच्या सुमारास, दिवाळी-भाऊबीजेपासून इथे गावोगावी मंडई भरते. आज या गावात, उद्या शेजारच्या. पै-पाहुणे येतात, दुकानं लागतात, सोयरिकीही जुळतात. दिवसा खडी गंमत किंवा दंडार आणि रात्री नाटक, असा साधारण बेत असतो.

नाटकांचा मोसम पुढे होळीच्या आसपासपर्यंत चालतो. सर्वोच्च न्यायालयाने १८ मे २०२३ रोजी बैलगाडा शर्यतींना परवानगी देणारे राज्यांचे कायदे कायम ठेवले. त्यामुळे शंकरपटांचा रस्ता मोकळा झाला, आणि पट म्हटला की रात्रीचा कार्यक्रम आलाच. मोहाडीच्या चौंडेश्वरी देवीचं नवरात्र आणि गायमुखची महाशिवरात्रीची यात्रा हीदेखील गर्दीची ठिकाणं.

काय काय ऐकायला मिळतं?

खडी गंमत: नावाप्रमाणे उभ्याने सादर होणारी. शाहीर, ढोलकीवाला, साथीदार आणि स्त्रीवेशातला नाच्या असा छोटा संच असतो. गण, गवळण, लावणी, सवाल-जवाब आणि शेवटी एखादं प्रहसन. दोन मंडळं समोरासमोर आली की ‘दुय्यम’ सामना रंगतो. एकाने गाण्यातून प्रश्न टाकायचा, दुसऱ्याने तिथल्या तिथे उत्तर द्यायचं.

दंडार: हातात टिपऱ्या घेऊन फेर धरत केलेलं नाच-गाणं आणि त्याच्या जोडीला कथेचं सादरीकरण. गावातल्या तरुणांसाठी ही पहिली शाळा. आज दंडारीत उभा राहिलेला मुलगा उद्या नाटकात दिसू शकतो.

खंजिरी भजन: राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांमुळे (१९०९-१९६८) विदर्भात घराघरांत पोहोचलेला प्रकार. भजनस्पर्धांमध्ये महिला मंडळंही हिरिरीने उतरतात.

भीमगीतं आणि कव्वाली: १४ एप्रिलची जयंती आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आसपास गावोगावी सामने होतात. नवा गायक ऐकायचा असेल तर हे दिवस चुकवू नका.

झाडीपट्टी नाटक: वडसा, म्हणजेच देसाईगंज, हे नाटक कंपन्यांचं मोठं केंद्र. या रंगभूमीवरचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. नाटकाला जाहिरात, तिकीट आणि कंपनी असते. खडी गंमत आणि दंडारीच्या मंडळांकडे यातलं फारसं काही नसतं. म्हणून व्हिडिओची खरी गरज त्यांना आहे.

नवे कलाकार शोधायचे कसे?

फक्त सर्च करून ही मंडळं सापडत नाहीत, कारण अनेकांचं स्वतःचं चॅनेलच नसतं. त्यापेक्षा वर्तमानपत्राचं जिल्हा पान, ग्रामपंचायतीजवळचे फलक आणि गावाचे व्हॉट्सॲप ग्रुप बघा. मंडईच्या पत्रिकेत मंडळाचं नाव आणि बऱ्याचदा फोन नंबरही असतो. त्या पत्रिकेचा फोटो काढून ठेवा, पुढे कामी येतो.

मंडळ सापडलं की मुख्य शाहिराबरोबर ढोलकीवाल्याचं आणि मागच्या झिलकऱ्यांचंही नाव विचारा. नवीन पोरं बहुधा मागेच उभी असतात.

नावासाठी एवढा आग्रह का?

कारण ही परंपरा स्वतःच नावाबद्दल जागरूक आहे. अभंगाच्या शेवटच्या चरणात संत आपलं नाव गुंफत आणि शाहीरही कवनाच्या शेवटी आपलं, गुरूचं किंवा गावाचं नाव घालत आले. याला नाममुद्रा म्हणतात. रचना तोंडोतोंडी कितीही लांब गेली तरी कर्त्याचं नाव सोबत जावं, याची ती सोय होती.

तीस सेकंदांच्या रीलमध्ये नेमका हा शेवटचा चरण कापला जातो. शेकडो वर्षं टिकलेली सोय आपण एका बोटाने काढून टाकतो.

नाव जपण्याचं चांगलं उदाहरण महाराष्ट्रातच आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या पुढाकाराने जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा झाल्या. ‘पारी’ हे संकेतस्थळ त्या प्रसिद्ध करतं तेव्हा ओवीसोबत गाणाऱ्या बाईचं नाव, गाव, तालुका आणि जिल्हा दिलेला असतो. शेतात राबणाऱ्या बाईची ओळख ‘एक ग्रामीण महिला’ एवढीच उरत नाही.

नावाचा पैशाशीही थेट संबंध आहे. राज्य सरकारच्या ज्येष्ठ साहित्यिक व कलावंत मानधन योजनेत दरमहा ५,००० रुपये मिळतात. त्यासाठी वयाची ५० वर्षं पूर्ण असावी लागतात आणि कलेतल्या कामाचे पुरावे जोडावे लागतात. आज पंचविशीत असलेल्या शाहिराकडे पुढे दाखवायला काय असेल? तारीख, गाव आणि नाव असलेला व्हिडिओ त्याची बाजू भक्कम करू शकतो. बिननावाची रील करू शकत नाही.

कायदा काय सांगतो?

‘लोककला सगळ्यांची आहे, मग परवानगी कशाला?’ असं अनेकांना वाटतं. ते अर्धंच खरं आहे. परंपरेने आलेलं गाणं सगळ्यांचं असू शकतं, पण त्या दिवशीचं सादरीकरण त्या कलाकाराचं असतं.

कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ३८ नुसार सादरकर्त्याला स्वतंत्र हक्क आहे आणि तो ५० वर्षं टिकतो. २०१२ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ३८अ प्रमाणे सादरीकरण रेकॉर्ड करण्याचा आणि लोकांपर्यंत पोहोचवण्याचा अधिकार कलाकाराचा आहे. कलम ३८ब त्याला दोन गोष्टी देतं: सादरकर्ता म्हणून आपलं नाव मागण्याचा आणि मोडतोड करून बदनामी होत असेल तर ती थांबवण्याचा हक्क. कलम ३९ प्रमाणे स्वतःपुरतं रेकॉर्डिंग चालतं. सार्वजनिक पोस्ट ही त्यापुढची पायरी आहे, म्हणून आधी विचारा.

रचना कुणाची, हा वेगळा प्रश्न. कवीच्या मृत्यूनंतर साधारण ६० वर्षं त्याच्या शब्दांवर कॉपीराइट असतो. वामनदादा कर्डक २००४ मध्ये गेले, म्हणजे या नियमाने त्यांच्या गीतांवरचा हक्क २०६४ अखेरपर्यंत आहे. शिवाय खडी गंमतीत सिनेगीतांच्या चाली सर्रास वापरतात. अशा वेळी यूट्यूबची यंत्रणा व्हिडिओवर आपोआप दावा लावू शकते. असं झालं तर घाबरून व्हिडिओ काढू नका. दावा कशावर आहे ते आधी वाचा.

शूट आणि पोस्ट करताना काय पाळायचं?

१. कार्यक्रमाआधी शाहिराला विचारा. नाच्याला वेगळं विचारा. लुगड्यातल्या पुरुषाची टिंगल कमेंटमध्ये सहज होते आणि ती त्याच्या घरापर्यंत जाते. तो नको म्हणाला तर विषय संपला.

२. भोंग्यासमोर उभे राहू नका, आवाज फाटतो. बाजूला, ढोलकी आणि गळा दोन्ही ऐकू येतील असे थांबा.

३. एक गण किंवा एक गवळण पूर्ण घ्या. रील कापायचीच असेल तर पूर्ण व्हिडिओची लिंक सोबत द्या.

४. सुरुवातीला शाहिराला कॅमेऱ्यासमोर नाव आणि गाव सांगायला लावा. फॉरवर्ड होताना कॅप्शन गळून पडू शकतं, पण बोललेलं नाव व्हिडिओसोबतच जातं.

५. मंडळाचं चॅनेल असेल तर तिथली लिंक शेअर करा, नव्याने अपलोड करू नका. इन्स्टाग्रामवर ‘कोलॅब’ वापरलं तर एकच पोस्ट दोघांच्याही खात्यावर दिसते.

६. फेसबुक लाइव्हवर विसंबू नका. फेब्रुवारी २०२५ पासून नवे लाइव्ह व्हिडिओ ३० दिवसांनी काढले जातात. व्हॉट्सॲप स्टेटस तर २४ तासांत जातं. मूळ फाइल जपा आणि मंडळाला ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, म्हणजे दर्जा कमी होत नाही.

७. फोन नंबर विचारूनच टाका. नंबर एकदा फिरला की परत घेता येत नाही.

कॅप्शनमध्ये काय हवं?

एवढं पुरे: शाहिराचं नाव, ढोलकी आणि साथीदारांची नावं, मंडळ, गाव-तालुका-जिल्हा, कलाप्रकार, रचना कुणाची, कुठल्या मंडईत आणि कोणत्या तारखेला. परवानगी असेल तर संपर्क. टाइप करायला दोन मिनिटं लागतात. पुढच्या गावच्या मंडई समितीने तो व्हिडिओ पाहिला, तर फोन कुणाला करायचा हे तिला तिथेच कळेल.