शेततळ्यातलं पाणी कमी होतंय: ऊन पितंय की तळं गळतंय?

एप्रिल-मे महिन्यात धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईचा परिसरात पारा ४० अंशांच्या वर जातो आणि शेततळ्यातली पातळी रोज थोडी थोडी खाली येते. मिरची असो वा फळबाग, पीक याच पाण्यावर तगायचं असतं. अशा वेळी पाणी उन्हामुळे उडतंय की कुठून गळतंय, हे ठरवायला एक बादली पुरेशी आहे.

बादलीची चाचणी

१. प्लास्टिकची बादली तळ्याच्याच पाण्याने भरा. वाऱ्याने हलू नये म्हणून आत एखादा गुळगुळीत दगड ठेवा.

२. काठाजवळ उथळ पाण्यात वाळूची पोती सपाट रचून बादली त्यांवर ठेवा. बादलीचा काठ पाण्याच्या ८-१० सेंटिमीटर वर राहू द्या. प्लास्टिकच्या अस्तराला भोक पडणार नाही, याची काळजी घ्या.

३. आतली आणि बाहेरची पातळी सारखी करा. बादलीवर आतून-बाहेरून खूण करा.

४. २४ तास पंप, ठिबक आणि तळ्यात येणारं पाणी बंद ठेवा. पाऊस आला तर चाचणी पुन्हा करा.

उताराच्या अस्तरावर खूण करून मोजू नका. तिरकं अंतर सरळ उंचीपेक्षा जास्त भरतं आणि घट फुगलेली दिसते.

निकाल कसा वाचायचा?

बादलीतलं पाणी फक्त बाष्पीभवनाने कमी होतं. तळ्यातलं पाणी बाष्पीभवन आणि गळती, दोन्हींमुळे कमी होतं. म्हणून दोन आकड्यांतला फरक म्हणजे गळती. दोन-तीन मिलिमीटरचा फरक सोडून द्या, कारण बादलीच्या काठामुळे आत वारा थोडा कमी लागतो.

उदाहरणार्थ, पाण्याचा पृष्ठभाग ३० बाय ३० मीटर आहे. इथे १ मिलिमीटर घट म्हणजे ९०० लिटर पाणी. बादलीत ९ आणि तळ्यात २० मिलिमीटर घट झाली, तर फरक ११ मिलिमीटर. म्हणजे रोज ९,९०० लिटर, जवळपास दहा हजार लिटरचा एक टँकर जमिनीत जातोय.

गळती शोधायची कुठे?

• पंप चालू असतानाच घट वाढत असेल, तर आधी पाइपलाइन तपासा.
• पातळी एका उंचीवर येऊन थांबत असेल, तर छिद्र त्याच उंचीच्या आसपास असतं.
• अस्तराचे जोड, कोपरे आणि पाइप आत येतो ती जागा बघा. उंदरांची बिळंही बघा.
• भर उन्हाळ्यात बांधाच्या बाहेरच्या बाजूला ओल किंवा हिरवं गवत दिसलं, तर तिथे संशय घ्या.
• संशयित जागेजवळ खाण्याचा रंग हळूच सोडा. रंग आत ओढला गेला, तर छिद्र सापडलं.

अस्तर नसलेल्या तळ्यात काही पाणी मुरणारच. ते पूर्ण वाया जात नाही, आसपासच्या विहिरींना त्यातलं काही मिळू शकतं.

गळती नसेल तर?

मग पाणी ऊन आणि वारा नेतायत. शेडनेटचं आच्छादन आणि वाऱ्याच्या बाजूला झाडांची ओळ यांनी बाष्पीभवन कमी होतं. नवं तळं खोदताना पसरट तळ्यापेक्षा खोल तळं बरं, कारण तेवढ्याच पाण्याला ऊन कमी लागतं.

महत्त्वाचं: ओलं अस्तर अतिशय निसरडं असतं, पोहता येणारा माणूसही वर चढू शकत नाही. तपासणीला एकटे जाऊ नका. काठाला पक्का बांधलेला दोर तळ्यात सोडलेला असू द्या.

घरच्या पोहण्याच्या तलावालाही हीच चाचणी लागू पडते. तिथे बादली पायरीवर ठेवायची, एवढाच फरक.