व्यावसायिक संकेतस्थळावरील समाजमाध्यम फीड

एखाद्या दुकानाच्या, उत्पादकाच्या किंवा संस्थेच्या संकेतस्थळावर तिच्या फेसबुक, इन्स्टाग्राम, एक्स अथवा यूट्यूब खात्यावरील नोंदी आपोआप दिसाव्यात, यासाठी केलेल्या जोडणीला समाजमाध्यम फीडचे अंतःस्थापन म्हणतात. रोजच्या बोलण्यात याच क्रियेला ‘फीड एम्बेड करणे’ असे म्हटले जाते. जोडलेल्या नोंदी बहुतेक पद्धतींत व्यावसायिकाच्या सर्व्हरवर साठवल्या जात नाहीत. पान उघडले की त्या दर वेळी समाजमाध्यम कंपनीच्या सर्व्हरवरून मागवल्या जातात आणि पानातील एका चौकटीत दाखवल्या जातात. पान व्यावसायिकाचे, परंतु त्यातील चौकट दुसऱ्याच्या ताब्यात, अशी स्थिती त्यामुळे निर्माण होते. या जोडणीचे फायदे आणि धोके दोन्ही याच स्थितीतून उद्भवतात. हंगामी शेतमाल, यात्रा आणि लग्नसराई यांवर बाजारपेठ अवलंबून असलेल्या बीडसारख्या जिल्ह्यात हे दोन्ही पैलू ठळकपणे दिसतात.

इतिहास

एका संकेतस्थळावरील ताजा मजकूर दुसरीकडे दाखवण्याची सोय समाजमाध्यमांपेक्षा जुनी आहे. नेटस्केप कंपनीने मार्च १९९९ मध्ये आरएसएस या स्वरूपाची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली. तिच्या आधारे बातम्यांचे मथळे एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी आपोआप पोहोचू लागले. २००५ साली सुरू झालेल्या यूट्यूबने चित्रफीत इतर पानांवर लावण्यासाठी तयार कोड दिला आणि ही कल्पना सामान्य वापरकर्त्यांपर्यंत नेली. २००८ साली ओएम्बेड हे खुले मानक प्रसिद्ध झाले. या मानकामुळे केवळ दुवा दिला तरी त्याचे रूपांतर चौकटीत होऊ लागले.

फेसबुकने एप्रिल २०१० मध्ये बाहेरच्या संकेतस्थळांसाठी ‘लाइक’ बटणासह अनेक सामाजिक प्लगइन उपलब्ध करून दिले. ट्विटरने सप्टेंबर २०१२ मध्ये संपूर्ण खात्याचा प्रवाह दाखवणारी चौकट आणली, तर इन्स्टाग्रामने जुलै २०१३ मध्ये एकेकटी नोंद जोडण्याची सोय दिली. फेसबुकची जुनी ‘लाइक बॉक्स’ २०१५ साली बंद होऊन तिची जागा ‘पेज प्लगइन’ने घेतली.

कार्यपद्धती

फीड जोडण्याच्या तीन पद्धती प्रचलित आहेत.

पहिली पद्धत कंपनीनेच दिलेल्या कोडची. कंपनीच्या पानावरून काही ओळींचा कोड घेऊन तो संकेतस्थळाच्या पानात चिकटवला जातो. या कोडमुळे पानात आयफ्रेम, म्हणजे पानातले दुसरे पान, उघडते. ही पद्धत विनामूल्य व सोपी आहे. मात्र चौकटीच्या रूपात फारसा बदल करता येत नाही. उदाहरणार्थ, फेसबुकच्या पेज प्लगइनची रुंदी १८० ते ५०० पिक्सेल या मर्यादेतच ठेवावी लागते.

दुसरी पद्धत एपीआयची. यात व्यावसायिकाचा सर्व्हर ठरावीक काळाने कंपनीच्या सर्व्हरकडे नोंदी मागतो आणि त्या आपल्या पद्धतीने मांडतो. यासाठी कंपनीची परवानगी व टोकन नावाची सांकेतिक किल्ली लागते. इन्स्टाग्रामची दीर्घ मुदतीची किल्लीही ६० दिवसांत कालबाह्य होते. ती मुदतीपूर्वी नूतनीकृत केली नाही, तर नव्या नोंदी येणे थांबते.

तिसरी पद्धत मध्यस्थ सेवांची. वर्डप्रेससारख्या प्रणालींसाठी मिळणारे प्लगइन किंवा शुल्क घेणाऱ्या सेवा अनेक माध्यमांच्या नोंदी एकत्र करून देतात. किल्ल्यांचे नूतनीकरण त्या सांभाळतात, पण त्यातून अवलंबित्वाची आणखी एक पायरी वाढते.

खाते कोणत्या प्रकारचे आहे, हेही महत्त्वाचे असते. पेज प्लगइनमध्ये केवळ सार्वजनिक फेसबुक पेज दाखवता येते. व्यक्तिगत प्रोफाइल दाखवता येत नाही. वय किंवा देश यांचे बंधन घातलेले पेजही त्यात दिसत नाही. दुकानाचा सारा व्यवहार मालकाच्या व्यक्तिगत खात्यावरून चालत असेल, तर आधी स्वतंत्र पेज उघडावे लागते. व्हॉट्सअ‍ॅपवरील संभाषण अशा रीतीने पानावर जोडता येत नाही; तेथे केवळ संभाषण सुरू करणारा दुवा देता येतो.

बीड जिल्ह्यातील उपयोग

बालाघाटच्या डोंगररांगेत पिकणाऱ्या बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. या फळाचा हंगाम साधारणतः सप्टेंबर ते नोव्हेंबर असा अल्प असतो आणि तोडणीनंतर ते काही दिवसांतच मऊ पडते. आवक किती, भाव काय, कोणत्या आकाराचा माल निघाला, ही माहिती रोज बदलते. ती संकेतस्थळाच्या मूळ पानावर रोज लिहिणे लहान उत्पादकाला जमत नाही. मोबाइलवरून छायाचित्रासह एक नोंद टाकणे मात्र सहज शक्य असते. फीड जोडलेले असल्यास तीच नोंद पुण्या-मुंबईच्या ग्राहकाला संकेतस्थळावरही दिसते.

परळी येथील वैद्यनाथाच्या दर्शनासाठी महाशिवरात्रीला व श्रावणात, तर अंबाजोगाईच्या योगेश्वरी मंदिरात नवरात्रात भाविकांची गर्दी होते. या काळात निवासगृहांना खोल्यांची उपलब्धता व वाहनतळाची व्यवस्था यांविषयी वेळोवेळी सूचना द्याव्या लागतात. कापड दुकाने, छायाचित्रण व्यावसायिक आणि मंगल कार्यालये यांच्यासाठी लग्नसराईचे महत्त्व असेच आहे.

याच हंगामीपणातून एक अडचणही उद्भवते. हंगाम संपल्यावर नोंदी थांबतात आणि चौकटीत जुनाच मजकूर राहतो. उन्हाळ्यात संकेतस्थळ पाहणाऱ्याला नोव्हेंबरमधील भाव सर्वांत वर दिसतो. कित्येक महिने जुनी नोंद पाहून व्यवसाय बंद पडला असावा, असा समज होऊ शकतो. म्हणून हंगामी व्यवसायांनी नोंदींवर दिनांक ठळक दिसू द्यावा व हंगामाबाहेर चौकट झाकून ठेवावी, हे इष्ट ठरते.

हॅशटॅग आणि स्थळनामांचा गोंधळ

काही संकेतस्थळांवर स्वतःच्या खात्याऐवजी एखाद्या हॅशटॅगखालील सर्व नोंदी दाखवल्या जातात. ग्राहकांनी टाकलेली छायाचित्रे त्यामुळे आपोआप गोळा होतात. परंतु कोण काय लिहील यावर व्यावसायिकाचे नियंत्रण राहत नाही. गावाच्या किंवा जिल्ह्याच्या नावाचा हॅशटॅग निवडल्यास त्यात निवडणूक, आंदोलन, गुन्हे यांविषयीच्या नोंदीही येतात. मिठाईच्या दुकानाच्या पानावर त्या अस्थानी ठरतात.

स्थळनामांच्या साधर्म्याने हा गोंधळ वाढतो. आष्टी हा तालुका बीडमध्ये आहे, तसाच वर्धा जिल्ह्यातही आहे. शिरूर कासार बीडमधील, तर घोडनदीकाठचे शिरूर पुणे जिल्ह्यातील. परळी नावाचे गाव साताऱ्याजवळ सज्जनगडाच्या पायथ्याशीही आहे. बीड हे नाव रोमन लिपीत एकाच रीतीने लिहिले जात नाही. त्याचे एक लेखन लिलावातील बोलीच्या इंग्रजी शब्दाशी जुळते. केवळ गावाच्या नावाऐवजी व्यवसायाचे नाव व गाव मिळून बनलेला हॅशटॅग त्यामुळे अधिक उपयुक्त ठरतो. दुसऱ्यांच्या नोंदी दाखवायच्या असल्यास प्रत्येक नोंद मान्य केल्यावरच ती प्रकट होईल अशी व्यवस्था मध्यस्थ सेवांमध्ये उपलब्ध असते.

सेवा बंद पडणे

फीड ही दुसऱ्या कंपनीची सेवा असल्याने तिच्या निर्णयांचा परिणाम संकेतस्थळावर थेट होतो. गूगल प्लस ही सेवा सामान्य वापरकर्त्यांसाठी एप्रिल २०१९ मध्ये बंद झाली. २९ जून २०२० रोजी भारत सरकारने टिकटॉकसह ५९ अ‍ॅपवर बंदी घातल्यानंतर भारतातील वाचकांसाठी टिकटॉकच्या जोडलेल्या चित्रफिती दिसेनाशा झाल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये फेसबुक व इन्स्टाग्रामच्या नोंदी केवळ दुवा देऊन जोडण्याची सोय संपली व त्यासाठी किल्ली सक्तीची झाली. ट्विटरने ३० जून २०२३ पासून काही दिवस नोंदी पाहण्यासाठी लॉगिन सक्तीचे केले, तेव्हा अनेक संकेतस्थळांवरील त्याच्या चौकटींत नोंदी दिसेनाशा झाल्या. इन्स्टाग्रामचा ‘बेसिक डिस्प्ले एपीआय’ ४ डिसेंबर २०२४ रोजी बंद करण्यात आला. व्यक्तिगत खात्यावर आधारलेल्या जोडण्या त्याबरोबर थांबल्या.

संकेतस्थळच परक्या सेवेवर उभे असेल, तर धोका अधिक वाढतो. गूगलने व्यवसाय नोंदीबरोबर विनामूल्य दिलेली लहान संकेतस्थळे मार्च २०२४ मध्ये बंद केली. ज्या दुकानदारांनी तोच पत्ता पाटीवर व बिलबुकावर छापला होता, त्यांचा छापील पत्ता त्यानंतर निरुपयोगी झाला.

स्थानिक इंटरनेट बंदीचाही फीडवर परिणाम होतो. मराठा आरक्षण आंदोलनातील हिंसाचारानंतर ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस बीडमध्ये संचारबंदी लागू झाली आणि इंटरनेट सेवा स्थगित करण्यात आली. अशा काळात बाहेरगावच्या ग्राहकाला संकेतस्थळ दिसत राहते. परंतु दुकान बंद आहे किंवा माल निघणार नाही, ही नवी नोंद दुकानदार टाकू शकत नाही.

वेग आणि सुगम्यता

फीडबरोबर छायाचित्रे, चित्रफिती व इतर कोड मोठ्या प्रमाणात उतरतो. ग्रामीण भागात मंद मोबाइल जोडणीवर पान उघडण्यास त्यामुळे विलंब लागतो. गूगलच्या निकषांनुसार पानातील मुख्य घटक २.५ सेकंदांच्या आत दिसणे चांगले मानले जाते. चौकटीसाठी आधीच जागा राखून ठेवणे, वाचक तेथवर आल्यावरच ती उतरवणे आणि चित्रफितीऐवजी आरंभी केवळ तिचे स्थिरचित्र दाखवणे, हे यावरील रूढ उपाय आहेत.

मराठी व्यवसायांच्या नोंदींत सवलतीचा मजकूर, भाव व दूरध्वनी क्रमांक पुष्कळदा चित्रातच लिहिलेले असतात. असा मजकूर दृष्टिबाधितांसाठीच्या पडदावाचक प्रणालीला सहसा वाचता येत नाही व शोधयंत्रालाही तो नीट कळत नाही. तोच मजकूर नोंदीत युनिकोड देवनागरीतही लिहिल्यास ही उणीव दूर होते. चौकटीला वर्णनात्मक शीर्षक देणे, तसेच आपोआप सरकणाऱ्या नोंदी थांबवण्याची सोय ठेवणे, हेही सुगम्यतेच्या दृष्टीने आवश्यक आहे.

कायदेशीर बाबी

जोडलेल्या चौकटीमुळे पान पाहणाऱ्याची काही माहिती, त्याने बटण दाबले नाही तरी, समाजमाध्यम कंपनीकडे जाऊ शकते. युरोपीय संघाच्या न्यायालयाने २९ जुलै २०१९ रोजी फॅशन आयडी प्रकरणात असा निर्णय दिला, की ‘लाइक’ बटण जोडणारा संकेतस्थळचालक ही माहिती गोळा करण्यास व पुढे पाठवण्यास कंपनीसह संयुक्तपणे जबाबदार असतो. भारतात संसदेने २०२३ साली डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण अधिनियम संमत केला. संमतीची विनंती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषेत वाचण्याचा पर्याय देण्याची तरतूद त्यात आहे. मराठी या अनुसूचीत समाविष्ट आहे.

छायाचित्रांच्या हक्काचा प्रश्न वेगळा आहे. कॉपीराइट अधिनियम, १९५७ नुसार मोबदला देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला हक्क, वेगळा करार नसल्यास, ते काढून घेणाऱ्याकडे असतो. लग्नाची छायाचित्रे आपल्या खात्यावर व त्याद्वारे संकेतस्थळावर दाखवू इच्छिणाऱ्या छायाचित्रकाराने म्हणून संबंधित कुटुंबाची लेखी संमती घेणे योग्य ठरते. ग्राहकाने स्वतः टाकलेले छायाचित्र सार्वजनिक असले, तरी ते जाहिरातीसाठी वापरण्याची परवानगी त्यातून आपोआप मिळत नाही.

निवड आणि देखभाल

फीड हे संकेतस्थळाला पूरक असते, त्याचा पर्याय नव्हे. वारंवार बदलणारी माहिती, म्हणजे दिवसाचा भाव, नवी आवक, सणानिमित्तच्या सूचना, फीडमध्ये शोभते. पत्ता, दूरध्वनी क्रमांक, कामाच्या वेळा, मालाचे प्रकार व परतीचे नियम ही माहिती संकेतस्थळाच्या स्वतःच्या पानावर मजकूर म्हणून असावी लागते. अन्यथा चौकट रिकामी होताच ग्राहकाला संपर्काचा मार्ग उरत नाही.

देखभालीच्या दृष्टीने तीन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. चौकटीशेजारी मूळ खात्याचा साधा दुवा ठेवला, तर चौकट बंद पडली तरी ग्राहक खात्यापर्यंत पोहोचू शकतो. महिन्यातून एकदा, लॉगिन नसलेल्या दुसऱ्या मोबाइलवर संकेतस्थळ उघडून पाहिल्यास बिघाड लक्षात येतो; मालकाच्या स्वतःच्या मोबाइलवर तो दिसेलच असे नाही. खात्याचा पासवर्ड, किल्ल्यांची मुदत आणि संकेतस्थळाच्या नावाची नोंदणी यांची माहिती व्यवसायाच्या मालकाकडे असणेही आवश्यक आहे. संकेतस्थळ बनवून देणाऱ्याच्या खात्यावर जोडणी केलेली असेल, तर तो संपर्कात राहिला नाही की ती दुरुस्त करण्याचा मार्ग बंद होतो. महत्त्वाच्या नोंदी व छायाचित्रांच्या मूळ प्रती आपल्याजवळ जपून ठेवल्यास, माध्यम बदलले तरी व्यवसायाचा लेखी इतिहास हाती राहतो.