कुष्ठाश्रमांतील वार्धक्य : एक दुर्लक्षित दप्तर

झाडीपट्टीचा इतिहास धुंडाळणारे आमचे संग्राहक जमीनदाऱ्यांच्या सनदा, मालगुजारीचे हिशेब व वंशावळी आस्थेनें जमवितात. परंतु भंडारा व त्यांतून इ. स. १९९९ च्या १ मे रोजीं वेगळा झालेला गोंदिया या जिल्ह्यांत निराधार वृद्धांचें पालन कोण व कसें करीत असे, याचें उत्तर त्या दप्तरांत सांपडणें कठीण. मराठी कागदांत वर्षासन, नेमणूक, बालपरवेशी हे शब्द पदोपदीं येतात. त्यांवरून पैसा कोणास मिळाला तें कळतें. अंथरुणास खिळलेल्या म्हाताऱ्यास पाणी कोणीं पाजलें, तें कळत नाहीं.

आमच्या मतें हें उत्तर विदर्भांतील कुष्ठाश्रमांच्या दप्तरांत शोधिलें पाहिजे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत कुष्ठरोगाचा प्रादुर्भाव इतर भागांहून अधिक आढळत आला आहे. इ. स. १८९८ च्या कायद्यानें, तो जेथें लागू होई तेथें, कंगाल रोग्यास पकडून आश्रमांत ठेवितां येत असे. या धाकाच्या जागीं सेवेची परंपरा वर्धा–चांद्याकडे उभी राहिली. वर्ध्याजवळ दत्तपूर येथें मनोहरजी दिवाण यांनीं इ. स. १९३६ त कुष्ठधाम काढिलें. वरोऱ्याजवळ बाबा आमटे यांनीं इ. स. १९४९ त आनंदवन स्थापिलें.

या संस्था रोग्यांसाठीं निघाल्या, वृद्धांसाठीं नव्हे. पुढें डॅप्सोन आलें, आणि इ. स. १९८१ त जागतिक आरोग्य संघटनेनें बहुविध औषधोपचाराची शिफारस केली. रोग बरा होऊं लागला. पण बरा झालेला माणूस घरीं परतेलच असें नव्हतें. कुष्ठरोग हें घटस्फोटाचें कारण कायद्यांतून वगळलें गेलें तें इ. स. २०१९ त, एवढ्यावरून घराचें दार किती काळ बंद होतें तें ध्यानीं यावें. तरुणपणीं आलेले लोक आश्रमांतच म्हातारे झाले. आनंदवनांत अशा वृद्धांसाठीं ‘स्नेहसावली’ व इतर ज्येष्ठांसाठीं ‘उत्तरायण’ अशीं निवासस्थानें झालीं. म्हणजे कुष्ठाश्रमाच्या पोटींच वृद्धाश्रम जन्मला.

या वार्धक्याची निगा वेगळी असते. मज्जातंतु निकामी झाल्यानें हातापायांस संवेदना राहत नाहीं. खडा रुतला तरी कळत नाहीं, कढत भांडें हातीं धरिलें तरी चटका जाणवत नाहीं. म्हणून पाय रोज पाण्यांत भिजवून, तेल लावून, जखम झाली कीं काय तें पाहावें लागतें. मऊ रबराच्या वहाणा लागतात. कित्येकांची पापणी मिटत नसल्यानें रात्रीं डोळे झांकावे लागतात. तरुणपणीं हें ज्याचें त्यानें करावें. म्हातारपणीं मात्र स्पर्शापाठोपाठ दृष्टीहि जाते, आणि आपला पाय तपासावयास दुसऱ्याचे डोळे लागतात. ज्यांस स्वकीयांनीं स्पर्श केला नाहीं, त्यांचे पाय परक्यांनीं रोज हातीं घेतले, ही गोष्ट इतिहासांत नोंदविण्यासारखी आहे.

तिचीं साधनें म्हणजे दाखलपुस्तकें, मलमपट्टीच्या नोंदी, भांडारवह्या व मृत्यूच्या नोंदी. अमुक तारखेस आलेला माणूस किती वर्षें राहिला, त्याच्या वांट्यास किती धान्य गेलें, शेवटीं त्यास अग्नि कोणीं दिला, हें अशाच कागदांवरून सिद्ध होईल. परंतु असे कागद जुने झाले म्हणजे रद्दींत जातात. ज्यांस इनाम ना वंशावळ, त्यांची दुसरी नोंद क्वचितच असते.

तेव्हां संग्राहकांस आमची विनंति अशी : ज्या आश्रमांत हीं दप्तरें शिल्लक असतील, तेथें चालकांच्या संमतीनें त्यांच्या नकला करवाव्या. नांवें व गांवें मात्र छापूं नयेत. कलंकाच्या भयानें तीं ज्यांनीं जन्मभर झांकून ठेविलीं असतील, त्यांचें तें गुपित मोडण्याचा अधिकार संशोधकास नाहीं. सनद आणखी शंभर वर्षें टिकेल. हीं वही आज न राखिली, तर उद्यां मिळणार नाहीं.